चिंटूच्या टोळीचा कप्तान कोण?

पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ रोजी चिंटू पहिल्यांदा छापून आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं घडवलेला हा शाळकरी मुलगा तीन-चार चौकटींत येई आणि जाई. पण अग्रलेखाआधी चिंटू वाचायची सवय त्यानं इथल्या आजोबांनाही लावली. विनोदासाठी त्याच्यावर पुष्कळांनी प्रेम केलं. मी त्याच्याकडे आणखी एका कारणानं वळलो. चार माणसं बरोबर घेऊन काम कसं करावं, हे मराठीत इतक्या बारकाईनं दाखवणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

माझी नोकरी कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागात झाली. आधी भोसरी, मग चाकण. कालपर्यंत मशीनवर उभा असलेला मुलगा आज सुपरवायझर होतो आणि काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच त्याला काम सांगावं लागतं. फार अवघड वळण असतं ते. त्यासाठी परदेशी पुस्तकांतले तक्ते पडद्यावर दाखवले, की मुलं मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायची. एका वर्गात मी चिंटूची कात्रणं वाटली आणि ‘यातला म्होरक्या कोण आणि कशावरून?’ एवढंच विचारलं. चहा येऊन गार झाला तरी वाद थांबेना. तेव्हापासून कात्रणांची फाईल फुगत गेली, आणि नातवंडं कार्टून लावून बसली की मीही वही घेऊन शेजारी बसू लागलो.

मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. पुण्याला कार्टून नवं नाही. ‘प्रभात’नं १९३४ साली ‘जंबुकाका’ हा छोटा अ‍ॅनिमेशनपट काढला होता. प्रभातच्या त्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढे १९९३ मध्ये दूरदर्शनवर जपानी ‘जंगल बुक’ हिंदीतून आलं, मग उपग्रह वाहिन्यांचा पूर आला, आणि २००८ पासून ‘छोटा भीम’ घराघरांत ठाण मांडून बसला.

‘जंगल बुक’ म्हटलं की लोकांना गुलजारांचं शीर्षकगीत आठवतं, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान आठवतो. मला आठवतो अकेला, कळपाचा म्हातारा नायक. किपलिंगच्या मूळ कथेत कळपाचा कायदा कडक आहे: नायकाची शिकार चुकली की त्याची सद्दी संपली. तरुण लांडगे डाव रचून त्याची शिकार चुकवतात. अकेला सभेत तो डाव उघड बोलून दाखवतो. पण स्वतःसाठी काही मागत नाही. माणसाच्या पोराला सुखरूप जाऊ द्या, मी प्रतिकार करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या वर्गात मी ही गोष्ट मुद्दाम सांगत असे. आपण जाताना कुणासाठी शब्द टाकून जाणार, हा प्रश्न त्या वयात टोचतो.

‘छोटा भीम’बद्दल माझं मत जरा कडक आहे, आणि नातवाला ते मुळीच पटत नाही. ढोलकपूरवर संकट येतं, राजा इंद्रवर्मा भीमाला हाक मारतो, भीम लाडू खातो आणि संकट पळतं. चुटकी, राजू, जग्गू सोबत असतात, धडपडतातही. पण अखेरचा ठोसा भीमाचाच. मुलगा सरळ आहे, दयाळू आहे, दुबळ्याच्या बाजूनं उभा राहतो, हे सगळं मान्य. तरीही प्रत्येक बिघाड एकच हुशार फिटर काढत असेल, तर तो रजेवर गेल्या दिवशी लाईन बंद पडते. ढोलकपूरला इतक्या वर्षांत दुसरा भीम तयार करता आला नाही, आणि याचा दोष मी भीमाच्या खात्यावर टाकतो.

‘पॉ पेट्रोल’मधला दहा वर्षांचा रायडर याबाबतीत उजवा. आग असेल तर मार्शल, पोलिसी काम असेल तर चेस. कुठलं पिल्लू कशासाठी निवडलं ते तो सगळ्यांसमोर सांगतो. काम वाटण्याचा याहून स्वच्छ नमुना दाखवता येणार नाही. फक्त तिथे कुणी रुसत नाही, कुणी कप्तानाला उलट बोलत नाही, म्हणून ती टोळी मला खरी वाटत नाही. ‘डोरेमॉन’मधला जियान दुसऱ्या टोकाचा. बेसबॉलची टीम त्याची, मूठ त्याची आणि त्याचं बेसूर गाणं ऐकायची सक्तीही त्याचीच. मजा म्हणजे मोठ्या चित्रपटांत खरं संकट आलं, की हाच दांडगट मित्रांसाठी पुढे होतो.

अमेरिकेतला चार्ली ब्राउन मात्र चिंटूचा सख्खा भाऊ शोभेल. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून फेब्रुवारी २००० पर्यंत त्याला रेखाटलं. तो आपल्या बेसबॉल टीमचा मॅनेजर, चेंडू फेकणाराही तोच, आणि टीम हरण्यासाठी प्रसिद्ध. त्याचा शॉर्टस्टॉप चक्क त्याचा कुत्रा. लूसी झेल सोडते आणि वर कारणंही सांगते. तरी पुढच्या मोसमात चार्ली पुन्हा उभा असतो आणि सगळी पोरं पुन्हा येतात. हरणाऱ्याच्या मागे माणसं का येतात, याचा विचार व्यवस्थापनाच्या वर्गात अधिक व्हायला हवा.

आता चिंटू. त्याच्याकडे गदा नाही, लाडू नाहीत, गॅजेटं नाहीत. अभ्यासात तो पुढे नाही, ताकदीत राजू त्याला भारी. पप्पू जिवलग मित्र, मिनीशी कुरबुर ठरलेली, बगळ्या आणि नेहा आहेत, सोनू सगळ्यांत लहान. या टोळीत कप्तानाची निवड कधी झाली, कुणी सांगू शकणार नाही. तरी ‘चला’ बहुतेक वेळा चिंटू म्हणतो आणि बाकीचे निघतात. का निघतात? वर्गात यावर तासन् तास खल झालेला मी ऐकला आहे. मला सगळ्यांत पटलेलं उत्तर एका टर्नरनं दिलं: ‘सर, त्याला घरी बसवत नाही, आणि एकट्यानं खेळवत नाही.’ हौस स्वतःची, पण ती पुरी व्हायला बाकीचे हवेत, याची पक्की जाणीव. कप्तानीचं बी मला इथेच दिसतं.

त्या टोळीचं क्रिकेट आणि आपल्या गल्लीचं क्रिकेट एकच आहे. तिथले नियम कुठल्या पुस्तकात नाहीत. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, कारण तो रागावून घरी गेला तर सामना तिथेच संपतो. म्हणजे भांडवल ज्याच्या हातात आहे त्याला राजी ठेवूनही खेळ सगळ्यांचा राखायचा. गडी वाटताना दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या नाहीत तर मजाच जाते, म्हणून शहाणा कप्तान समोरच्या बाजूलाही चांगला गडी देतो. आणि धाकटी भावंडं पाठीशी लागली, तर त्यांना कच्चं लिंबू करून घ्यायचं: खेळात आहे, पण आउट नाही. इतकी सुंदर सोय कुठल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागानं काढली आहे? नव्या कामगाराला पहिले काही दिवस कच्चं लिंबू समजा, असं मी सुपरवायझरांना सांगायचो, आणि ते त्यांना एका शब्दात कळायचं.

मग जोशीकाकूंची काच. चेंडू गेला की टोळीची खरी परीक्षा सुरू होते. मारला एकानं, टाकला दुसऱ्यानं, ‘इथे नको खेळू या’ म्हणणारा तिसरा. चेंडू मागायला जाणार कोण? चिंटू कधी जातो, कधी पळतो, कधी पप्पूला पुढे ढकलतो. पंडित-वाडेकरांनी त्याला आदर्श बालक केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा मला वाटतो. तो खोटं बोलतो, रुसतो, मिनीला चिडवतो. टोळी त्याला तोंडावर सुनावते, आणि सुनावूनही टोळीत राहते. ज्याच्यासमोर त्याची चूक बिनधास्त बोलता येते असा साहेब मिळावा, म्हणून माणसं नोकऱ्या बदलतात.

टोळीला एक सतीशदादाही आहे. तो पालकांसारखा ओरडत नाही, मुलांच्या भांडणातही नसतो. जरा मोठा, आपला वाटणारा. इथे मला सदाशिव पेठेतली ज्ञान प्रबोधिनी आठवते. आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांमधून नेतृत्व घडवायचं म्हणून १९६२ साली ती सुरू केली. तिथल्या दलांवर मैदानात मुलांना घेणारे ताई-दादा हे बहुधा कॉलेजातले, मुलांहून थोडेच मोठे. एका संध्याकाळी मी कडेला उभा राहून पाहत होतो. खेळात भांडण झालं. दादा लगेच मध्ये पडला नाही. दोघांना बोलू दिलं, मग ‘आता काय करायचं?’ असं त्यांनाच विचारलं. पुण्याच्या गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकांचा इतिहास सांगताना प्रबोधिनीचं नाव पहिल्या रांगेत घेतात. मला मात्र त्या मिरवणुकीपेक्षा हा एक प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये ‘चिंटू’ आणि २०१३ मध्ये ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ पडद्यावर आणले. पहिला चित्रपट टोळीच्या खेळायच्या जागेवरच्या संकटाचा आहे, आणि विषयाची ही निवड मला फार नेमकी वाटली. वाडे पडले, त्यांच्या इमारती झाल्या, आणि पोरांचं मैदान गाड्यांखाली गेलं. आता मुलं फी भरून क्लबात जातात. तिथे गडी प्रशिक्षक निवडतात, वाद पंच मिटवतात. खेळ सुधारतो, यात शंका नाही. पण गडी वाटण्याचं, समजूत घालण्याचं, काकूंच्या दारात जाण्याचं काम मुलांकडून निघून गेलं आहे. त्याची मला मनापासून चिंता वाटते, आणि म्हणून पालकांच्या बैठकींत मी सांगत असतो, की आठवड्यातली एक संध्याकाळ तरी शिट्टीवाल्या मोठ्या माणसाशिवाय खेळू द्या.

आमच्या सोसायटीत हे चालतं, तेही पार्किंगमध्ये. कप्तान चौथीतली मुलगी आहे. तिचे नियम असे: चेंडू गाडीखाली गेला की दोन रन, काचेला लागला की आउट, आणि ज्यानं मारला त्यानंच काकांना सांगायला जायचं, मात्र बाकीच्यांनी जिन्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. हा शेवटचा नियम कुणी शिकवला, असं मी तिला विचारलं. ‘आम्हीच ठरवला,’ ती म्हणाली, आणि फिल्डिंग लावायला निघून गेली.