विहिरीवरील डिझेल एंजिन अडखळत चालल्यास काय करावे?

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळी पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी येतात, आणि ती तूट पुढच्या पाण्याने पुरती भरून निघत नाही. अशा ऐन वेळी विहिरीवरील एंजिन अडखळू लागले, की शेतकरी फिटरच्या शोधात तालुक्याच्या गावी जातो. फिटर येईपर्यंत दोन दिवस जातात, आणि पुष्कळदा दोष निघतो तो एवढाच, की गाळणीत कचरा साचलेला असतो किंवा नळीत हवा शिरलेली असते. असे दोष घरच्या घरी, एक पाना व स्वच्छ फडके यांच्या साहाय्याने दूर करता येतात. मात्र त्यासाठी क्रमाने तपासणी करण्याची सवय लावून घेतली पाहिजे. दिसेल तो नट सैल करीत सुटल्यास एका दोषाचे चार दोष होतात.

एंजिनाचे काम कसे चालते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे तत्त्व आजच्या पंपाच्या एंजिनातही तेच आहे. पेट्रोल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल एंजिनात तो नसतो. सिलिंडरात ओढलेली हवा दट्ट्या वर येताना मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. या दाबाने ती इतकी तापते, की नोझलमधून बारीक फवाऱ्याच्या रूपाने आलेले डिझेल तिच्यात आपोआप पेट घेते.

यावरून एंजिन सुरळीत चालण्यास काय लागते हे उघड होते. पुरेशी स्वच्छ हवा, योग्य वेळी येणारे स्वच्छ डिझेल, सिलिंडरातील पुरा दाब आणि धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट, या चार गोष्टी हव्यात. पाचवी गोष्ट म्हणजे एंजिनाला झेपेल एवढाच भार. अडखळणारे एंजिन या पाचांपैकी कशाला तरी मुकलेले असते.

धुराचा रंग पाहावा

कोणत्याही भागास हात लावण्यापूर्वी धुराकडे लक्ष द्यावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त होत आहे. हवेची गाळणी तुंबली असेल, नोझल ठिबकत असेल किंवा भार अधिक असेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडत आहे, अथवा पाण्याचा अंश सिलिंडरात जात आहे. थंड एंजिन सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येतो. तो दोष समजू नये. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याची खूण आहे. रिंगा झिजल्या असतील, किंवा तेल खुणेच्या वर भरले गेले असेल.

पहिली तपासणी : भार

एंजिन बंद करून पट्टा उतरवावा किंवा कपलिंग सोडवावे व एंजिन मोकळे चालवून पाहावे. मोकळे असताना ते ठीक चालले, तर प्रथम पंप पाहावा. ग्लँड फार आवळली आहे काय, बेअरिंग जड झाले आहे काय, पट्टा वाजवीपेक्षा ताठ आहे काय, हे तपासावे. पंपाच्या ओढणाऱ्या नळीत सांध्यातून हवा शिरत असेल, तर पंप मधूनमधून पाणी सोडतो. त्या क्षणी भार उतरतो, पाणी येताच पुन्हा चढतो, आणि एंजिनाचा आवाज खालीवर होतो. दोष नळीच्या वायसरचा असतो आणि बोल मात्र एंजिनाला लागतो.

दुसरी तपासणी : डिझेल

मोकळे चालतानाही ठोका चुकत असेल, तर डिझेलच्या वाटेकडे वळावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असल्यास डिझेल नीट उतरत नाही. झाकण सैल करताच एंजिन सुधारले, तर हेच कारण समजावे. नंतर टाकीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते खाली बसलेले दिसते. पाणी आढळल्यास टाकी व गाळणीचे भांडे रिकामे करून स्वच्छ करावे. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरू नये, ती बदलावी.

टाकी रिकामी होऊ दिल्यास किंवा गाळणी उघडल्यास नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे पंपाचा दाब हवेच्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझल उघडत नाही. ही हवा पुढील क्रमाने काढावी.

१. टाकी भरून कॉक उघडावा.
२. गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, की स्क्रू आवळावा.
३. इंधनपंपावरील स्क्रूच्या बाबतीत हेच करावे.
४. नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट नोझलपाशी सैल करावा. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवावे. बुडबुड्याविना डिझेल येऊ लागले, की नट आवळावा.
५. पुन्हा सावकाश हँडल फिरवावे. नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज ऐकू आला, की फवारा नीट पडत आहे असे समजावे.

सांडलेले डिझेल पुसून घेतल्याशिवाय एंजिन सुरू करू नये.

तिसरी तपासणी : हवा आणि धुराची वाट

मळणीच्या दिवसांत हवेची गाळणी लवकर तुंबते. तेलाची गाळणी असल्यास जुने तेल ओतून टाकावे, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी व नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. गाळणी काढून एंजिन चालविणे ही मोठी चूक आहे. एका हंगामाची धूळ सिलिंडर व रिंगा झिजविण्यास पुरेशी होते. सायलेन्सरमध्ये काजळी साचली असल्यास तीही काढावी.

चौथी तपासणी : दाब

इंधनपंपाचा लिव्हर ‘बंद’ स्थितीत ठेवावा. डिकॉम्प्रेशन लिव्हर खाली ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दाब चांगला असल्यास चाक अडते व उलट उसळी मारते. ते सहज फिरून गेले, तर दाब गळत आहे. तो कोठून गळतो हे कानाने कळते. हवेच्या गाळणीत फुसफुस ऐकू आली तर हवेचा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर धुराचा व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा सदोष आहेत. थंड करण्याच्या पाण्यात बुडबुडे येत असतील, तर हेडचे गॅस्केट गेले आहे.

व्हॉल्व्ह गळत असल्यास प्रथम टॅपेटचे अंतर पाहावे. अंतर उरलेच नसेल, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, दट्ट्या दाबाच्या शेवटी वर असता, फीलर गेजने अंतर मोजावे. ते किती ठेवावे व एंजिन थंड असताना की गरम असताना मोजावे, हे त्या त्या एंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे. शेजाऱ्याच्या एंजिनाचे माप आपल्या एंजिनास लागू पडेलच असे नाही.

फिटरकडे सोपविण्याची कामे

रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणे, इंधनपंप आणि नोझल यांची दुरुस्ती घरी करू नये. पुष्कळ एंजिनांत नोझल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाला उघडते. हा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी आत डिझेल पसरलेले असते, आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेग वाढविण्यासाठी गव्हर्नरला तार बांधण्याची रीतही घातक आहे. भार अचानक सुटल्यास एंजिनाचा वेग आवरत नाही.

विहिरीतील एंजिनाचा धोका

व्यवहारात पंप ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी नीट ओढू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की काही ठिकाणी एंजिन विहिरीच्या आतील कट्ट्यावर उतरविले जाते. अडखळणाऱ्या एंजिनात डिझेल अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड हा वायू अधिक तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो साचलेल्या विहिरीत दुरुस्तीसाठी उतरलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढण्यास धावलेला दुसराही तेथेच पडतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी परीक्षा येथे कामास येत नाही. प्राणवायू फार कमी असेल तर दिवा विझतो. परंतु हा वायू प्राण घेण्याइतका साचला तरी दिवा जळतच राहतो.

म्हणून एंजिन शक्यतो विहिरीच्या काठावरच ठेवावे. आत ठेवणे भाग असल्यास धुराची नळी काठाबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून न्यावी. तिच्या सांध्यांतून गळती नसावी. तरीही एंजिन चालू असताना, किंवा ते बंद करून विहीर मोकळ्या हवेने पुरती भरण्यापूर्वी, कोणीही खाली उतरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा व वर किमान दोन माणसे असावीत. कोणी बेशुद्ध पडल्यास त्यास दोरानेच वर ओढावे; त्याच्यामागे उतरू नये, अग्निशमन दलास बोलवावे.

गावातील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या शेतावर ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक एंजिनमालकाने एका वहीत एंजिन किती तास चालले, तेल व गाळणी केव्हा बदलली, कोणता दोष आला, याची नोंद ठेवावी. ज्याची वही नीट, त्याचे एंजिन पाळीच्या दिवशी सहसा दगा देत नाही.