लाकडी कठडा आणि टांगत्या कुंड्या

मुंबईतील गिरगावच्या जुन्या चाळींत खोल्यांच्या रांगेपुढे एक लांब सामाईक गॅलरी असते आणि तिला बहुधा लाकडी कठडा असतो. अंगण नसलेल्या या घरांची बाग म्हणजे हा कठडाच. तेलाच्या रिकाम्या डब्यातील तुळस, ऑफिस टाइमची गुलाबी फुले, खाली लोंबणारा मनीप्लँट हे सारे त्याच्याच आधाराने वाढते. याच कठड्यावर रेलून मोठी माणसे गप्पा मारतात आणि लहान मुले वाकून रस्ता पाहतात. त्यामुळे झाडे टांगताना लाकूड जपणे हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

पाण्याने लाकूड कुजते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी राहिला, तर ती सहसा वाढत नाही. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मोकळा कठडा ऑक्टोबरच्या उन्हात वाळतो आणि टिकतो. कुंडी थेट लाकडावर टेकलेली असली, की तिच्याखालची जागा मात्र रोजच्या पाण्याने बारा महिने ओली राहते. वरचा रंग शाबूत दिसतो आणि आतले लाकूड भुसभुशीत होत जाते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्ये बुरशीला बराच काळ थोपवतात. बाहेरच्या फिकट थरात ती शक्ती नसते.

खिळ्याने होणारी हानी याहून फसवी असते. खिळा लाकडाचे तंतू तोडतो, त्या भोकातून पाणी खोल शिरते, लोखंड गंजून फुगते आणि चीर रुंदावते. खिळ्याभोवती दिसणारा काळा डाग ही त्याची पहिली खूण होय.

म्हणून कठड्याला भोक न पाडता त्यावर अडकवता येणारा, गंजरोधक लेप दिलेला रुंद आकडा वापरावा. आकडा लाकडाला घासू नये यासाठी मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. सुतळी किंवा चिंधी गुंडाळू नये. ती पाणी धरून ठेवते. कुंडी आणि लाकूड यांत दोन बोटे अंतर असावे, म्हणजे वारा खेळतो.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पाच लिटर माती मावणारी कुंडी भिजल्यावर आठ किलोंच्या आसपास भरते. मातीत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास हा भार घटतो. कुंड्या खांबांजवळ आणि कठड्याच्या आतील बाजूस टांगाव्यात. त्याने गॅलरीतील वाट अरुंद होते, ही तक्रार रास्त आहे. परंतु बाहेर टांगलेली कुंडी निसटली, तर ती खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडेल. कुंडीखाली ताटली ठेवावी, म्हणजे खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आणि शेजारधर्म दोन्ही वाचतात. ताटलीतले पाणी मात्र साठू देऊ नये, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतात.

पावसाळा संपताच कुंड्या उतरवून कठडा तपासावा. जुन्या स्क्रूड्रायव्हरचे टोक सांध्यांपाशी दाबून पाहावे. ते सहज आत रुतले, तर तेथे कुंडी पुन्हा टांगू नये, कोणाला रेलूही देऊ नये आणि सुताराला बोलवावे.