खेकड्याचे दोन हात

ओझरला रेल्वे नाही. १९६४ मध्ये मिगचा कारखाना आला, तेव्हापासून गावाच्या डोक्यावरून विमानं जातात; पण गाडी बघायची तर सायकल काढून द्राक्षबागांमधून कसबे सुकेण्याला जायचं. माझं लहानपण कारखान्याच्या वसाहतीत गेलं. बाकीची पोरं विमानांची नावं आवाजावरून ओळखायची, मी सुकेण्याच्या फलाटावर बसून इंजिनांची छपरं बघायचो. छपरावर एक दुमडलेला हात, कोपरात वाकलेला, तारेला हळूच टेकलेला. तो पॅन्टोग्राफ. रेल्वेतली माणसं नुसतं ‘पॅन्टो’ म्हणतात.

इगतपुरीला गेलो की कोडं पडायचं. मुंबईकडून आलेल्या इंजिनावर दोन-दोन पॅन्टो, दोन्ही वर केलेले. जुन्या इंजिनांवर तर हाताऐवजी समभुज चौकोन. ते इंजिन सुटायचं, एका पॅन्टोचं इंजिन लागायचं आणि गाडी मनमाडकडे निघायची.

“दादा, त्याला दोन का लागतात?”

“त्याची भूक मोठी,” दादा म्हणाले. दादा कारखान्यात फिटर. घरी आल्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ढोबळ हिशेब करून दाखवला. २६०० अश्वशक्तीचं इंजिन १५०० व्होल्टवर चालवायचं तर तारेतून तेराशेच्या आसपास अँपिअर ओढावे लागतात. तेच २५ हजार व्होल्टवर ऐंशीच्या आत भागतं. तेराशे अँपिअर एकाच पट्टीतून घ्यायचे म्हणजे ठिणग्यांची दिवाळी, म्हणून दोन हात. इगतपुरी ही त्या दोन भुकांची सीमा होती. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी, इकडे भुसावळपर्यंत साठच्या दशकाच्या अखेरीला आलेली २५ हजार व्होल्ट एसी.

डीसीचा इतिहास अर्थात फार जुना. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी हार्बरवर पहिली विजेची गाडी धावली, गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. पुढच्या पाचेक वर्षांत तार दोन्ही घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. घाटातल्या मालगाड्यांसाठी ४१ इंजिनं आली, १० स्वित्झर्लंडहून आणि ३१ इंग्लंडहून. दोन्हीकडे लांब नाक, मधे केबिन, चाकांना बाहेरून जोडलेले दांडे. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ असं सरकारी नाव मिळालं. आपल्याकडच्या माणसांनी मात्र त्यांना ‘खेकडा’ म्हटलं, आणि तेच टिकलं. उभं असताना ते कण्हायचं, चालताना दांड्यांचा सळसळ आवाज यायचा. कल्याणच्या यार्डात मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि ठरवून टाकलं, हे आपण करायचं.

करायचं कशावर? तर आमच्या शेजारच्या काकांनी ती सोय केली. मिगमुळे कारखान्यातली माणसं रशियाला प्रशिक्षणाला जात. येताना कुणी कॅमेरा आणे, कुणी घड्याळ. या काकांनी १९७९ मध्ये पूर्व जर्मनीच्या पिको कंपनीचा आगगाडीचा संच आणला. त्यांच्या मुलाचं मन आठ दिवसांत भरलं आणि खोकं आमच्याकडे आलं ते आलंच. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, प्रमाण १:८७. त्यातल्या विजेच्या इंजिनाच्या पोटाखाली एक बारीक खटका होता, आणि तो कशासाठी हे कळायला मला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला.

तो खटका एका बाजूला केला की इंजिन दोन्ही रुळांतून वीज घेई. दुसऱ्या बाजूला केला की एका रुळातून आणि डोक्यावरच्या तारेतून. म्हणजे तार ही शोभा नव्हती. एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगानं चालवायच्या असतील तर त्या काळात सर्वांत साधा मार्ग तोच: एक गाडी रुळांवर, दुसरी तारेवर, एक रूळ दोघींना समाईक. खेळण्यातला पॅन्टो खरोखर पोटासाठी राबत होता.

मग तार लावणं आलं. सायकलच्या आऱ्यांचे खांब, पंख्याच्या मोटरमधून निघालेली तांब्याची तार, डाग द्यायला दादांची खाजगी कावी. (कारखान्यातून घरी टाचणीसुद्धा आणायची नाही हा दादांचा नियम होता, तेव्हा शंका नको.) मी तार रुळांच्या बरोबर मध्यावरून नेली, ओळंबा लावून, आणि स्वतःवर खूश झालो. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत पॅन्टोच्या पट्टीला मधोमध करवतीसारखी खाच पडली. सुकेण्याला जाऊन मान वर करून पाहिलं तेव्हा उमगलं. खरी तार सरळ जातच नाही. एका खांबाशी डावीकडे, पुढच्याशी उजवीकडे, सरळ मार्गावर मध्यापासून २० सेंटिमीटरपर्यंत सरकवलेली असते, म्हणजे पट्टी सगळीकडून सारखी झिजते. रेल्वेवाले याला स्टॅगर म्हणतात. आमच्या प्रमाणात ते सव्वादोन मिलिमीटर. तेवढं सरकवलं आणि खाच पडायची थांबली.

दुसरा धडा आमच्या निफाड तालुक्याच्या हवेनं दिला. इथे जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि एप्रिलात डोकं तापतं. थंडीत ताणून बसवलेली तार ४० सेंटिमीटरच्या गाळ्यात उन्हाळ्यात चार-पाच मिलिमीटर खाली झोळ घेते. गाडी त्या झोळात शिरली, पॅन्टो तारेच्या वर गेला, अडकला, आणि पुढचे तीन खांब मुळासकट घेऊन गेला. खऱ्या रेल्वेत हाच प्रकार झाला की तार दुरुस्त करायला टॉवर वॅगन येते. आमच्याकडे आई आली. खऱ्या तारेला ठरावीक खांबांवर वजनं टांगलेली असतात, ती ऊन-थंडीत वरखाली होऊन हजार किलोचा ताण कायम राखतात. मी शेवटच्या खांबाला शिवणयंत्राची एक रिकामी बॉबिन आणि त्यावरून शिशाचा मासेमारीचा मणी सोडला. तो अजून आहे.

खेकडा केला १९९३ मध्ये, खरे खेकडे कामावरून उतरल्यावर. खोकं पत्र्याचं, खालची चाकं दोन मोडक्या इंजिनांची. त्यात महिना गेला. दोन पॅन्टोंत वर्ष. चौकोनी पॅन्टो दिसतो साधा, पण त्याचे चारही सांधे एकाच वेळी, एकाच मापानं मिटायला हवेत. एका सांध्यात केसाएवढी ढील राहिली की सगळा सांगाडा दारुड्यासारखा कलतो. तांब्याच्या, पितळेच्या तारा वाकून बसायच्या. शेवटी नाशिकच्या मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानातून सतारीची पोलादी तार आणली आणि काम जमलं. दुकानदारानं विचारलं, “बाज की चिकारी?” मी म्हटलं, “जी वाकणार नाही ती.”

उरला दाब. एसी इंजिनावरचा नेहमीचा पॅन्टो तारेला सात किलोंच्या जोरानं वर दाबतो. वजनाचं प्रमाण लांबीसारखं एकदा नाही, तीनदा भागावं लागतं, म्हणून १:८७ मध्ये हे सात किलो ग्रॅमचा शंभरावा भाग होतात. एवढ्यानं पट्टीवरची धूळसुद्धा फुटायची नाही, वीज काय घेणार. इथे प्रमाण गुंडाळून ठेवावं लागतं. गावातल्या सराफाच्या काट्यावर पॅन्टो उलटा दाबून स्प्रिंग जुळवली. दहा ग्रॅमला वीज तुटते, वीसला तार उचलली जाते, बाराला गाडी सुरळीत चालते. सराफ म्हणाला, दागिना नाजूक आहे. तारेच्या जाडीतही प्रमाण असंच सोडावं लागतं. खरी संपर्कतार सव्वाबारा मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या मापात दीड दशांश मिलिमीटरही नाही. ती लावून पाहा आणि मला सांगा. मी अर्ध्या मिलिमीटरची लावतो आणि लाजत नाही.

याच दशकात परदेशात खेळण्यातल्या गाड्यांसाठी डिजिटल नियंत्रण आलं. लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेनं मानक ठरवलं, आणि प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच स्वतःचा हुकूम मिळू लागला. एकाच रुळावर दोन काय, दहा गाड्या. तारेची गरजच संपली. आता सुंदर पॅन्टो तयार मिळतात, जर्मनीच्या सोमरफेल्डचे तर बघत बसावे असे. पण पुष्कळ जण ते दोऱ्यानं बांधून तारेच्या मिलिमीटरभर खाली थांबवतात. झीज नाही, अडकणं नाही. मला हे पटत नाही. तारेला न टेकणारा पॅन्टो म्हणजे भिंतीवर टांगलेली सतार. पण नव्या मुलांना हे सांगायला गेलो की ती माझ्या टेबलाखालच्या वायरींकडे बघून हसतात, आणि त्यांचंही चूक नाही.

गंमत अशी, की खेळण्यातली तार दिखाऊ होत गेली त्याच काळात खरी तार सगळीकडे पोचली. मुंबईच्या मध्य रेल्वेवरची डीसी मुख्य मार्गावर जून २०१५ मध्ये आणि हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये संपली. इगतपुरीचा इंजिनबदल त्याआधीच इतिहासजमा झाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर आले. छोट्या गाड्यांची ओढ मात्र कायम आहे; पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये उघडलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मुलांच्या रांगा अजून लागतात. आणि खरा खेकडा बघायचा तर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक उभा आहे, त्याच्या अंगावर नाव ‘सर लेस्ली विल्सन’.

माझ्या खेकड्याच्या पोटाखालचा खटका अजून तारेकडेच आहे. एकच गोष्ट अडली आहे. त्याच्या छपरावरच्या पॅन्टोंच्या मधली मांडणी मी अंदाजानं केली, कारण जिवंत तारेखाली छपरावर चढून फोटो कोण काढणार? पण कल्याणच्या शेडमध्ये, इगतपुरीत, घाटात नोकरी केलेल्यांच्या घरी एखादा वरून घेतलेला फोटो, नाहीतर छपराचं जुनं रेखाटन ट्रंकेत पडलेलं असेल. असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा मला दाखवा. मी ओझरहून न्यायला येईन.