चोच म्हणजे नाक नव्हे

कार्टून पक्षी म्हणजे पक्ष्याचे सोपे केलेले आणि एखाद्या लक्षणात मुद्दाम फुगवलेले चित्र. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि काय वाढवायचे, एवढ्यावर त्याचा सगळा डोलारा उभा असतो. म्हणूनच ‘कार्टूनच तर आहे, कसेही काढले तरी चालते’ ही समजूत मुलांना शिकवताना सर्वांत जास्त नडते. जे नीट पाहिलेलेच नाही, त्यातले गाळणार काय?

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे कावळे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९२१ मध्ये म्हैसूरला जन्मलेले लक्ष्मण लहानपणी खोलीच्या खिडकीतून जे दिसेल ते काढत, आणि त्यात समोरच्या छपरांवर नाना पवित्र्यांत बसलेले कावळे हमखास असत. पुढे मुंबईत राजकीय व्यंगचित्रे काढतानाही कावळ्याचा नाद सुटला नाही. त्यांचा कावळा चार फटकाऱ्यांत उतरल्यासारखा वाटतो. त्या फटकाऱ्यांमागे कित्येक वर्षांचे बघणे आहे. मुलांच्या वहीतला कावळा मात्र नखशिखांत काळा असतो. प्रत्यक्षात गॅलरीच्या कठड्यावर येणाऱ्या गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी असते. सबंध काळा असतो तो जाड चोचीचा डोमकावळा. काळा खडू हातात देण्याआधी मुलाला पाच मिनिटे खिडकीत उभे केले, तर ही चूक सांगावीही लागत नाही.

‘मोठा गोल म्हणजे पोट, छोटा गोल म्हणजे डोके, त्रिकोण म्हणजे चोच’ हा पाठ कोणत्याही वयाच्या मुलाला जमतो, असेही धरून चालले जाते. तसे नसते. समोरचा गोल पाहून गोल काढणे साधारण तिसऱ्या वर्षी जमू लागते, चौकोन चौथ्याच्या पुढे आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार त्याहूनही उशिरा येतो. आडवी आणि उभी रेघ हाताला लवकर वळते, तिरकी उशिरा. आणि चोच तर सगळी तिरक्या रेघांचीच. तेव्हा चार वर्षांच्या मुलाची चोच वाकडी आली तर ते दुर्लक्ष नव्हे, वय आहे. त्या वयात रंगीत कागद फाडून त्याची चोच चिकटवावी. मुलांना ते आवडतेही जास्त.

वयाची हीच गोष्ट कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मधल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. त्यांच्या मांडणीनुसार सात ते नऊ वर्षांच्या सुमारास मूल प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ठरावीक साचा बनवते आणि तो पुन्हा पुन्हा वापरते. एकच चिमणी दहा पानांवर आली, तर पालकांना तो आळस वाटतो. मुलाच्या लेखी ती पक्की झालेली अक्षरओळख असते. याच काळात कोंबडीच्या पोटातले अंडे बाहेरून दिसणारी चित्रेही निघतात. मुलाला दिसते तेवढेच नव्हे, माहीत असते तेही ते काढते. असे अंडे खोडायला लावणारा शिक्षक चित्र सुधारत नाही, फक्त मुलाला गप्प करतो.

चोच हे पक्ष्याचे नाक, अशी समजूत मोठ्यांचीही असते, निदान त्यांच्या चित्रांत तरी. गोलाच्या मधोमध त्रिकोण बसवला जातो आणि त्याखाली हसरे तोंड वेगळे काढले जाते. चोच म्हणजे पक्ष्याचे दोन जबडे. आत हाड, वर केराटिनचे आवरण; आपली नखेही केराटिनचीच. नाकपुड्या असतात, पण त्या बहुतेक पक्ष्यांत वरच्या चोचीवर, बुडाशी. तोंडाची फट चोचीच्या टोकापासून मागे गालापर्यंत जाते. हे समजले की नाही ते तपासायला एकच सूचना पुरते: ‘आता याला काव काव करू दे.’ नाकासारखी डकवलेली चोच उघडता येत नाही आणि मूल अडते. म्हणून आधी तोंडाची रेघ काढावी, मग तिच्यावर वरची चोच आणि खाली खालची.

एकदा हे साधले की पुढचा खेळ सोपा होतो. धड तेच ठेवून आखूड, जाड चोच लावली की दाणे फोडणारी चिमणी होते. बाकदार लाल चोचीने पोपट, लांब सरळ चोचीने मासे पकडणारा खंड्या, बारीक वळलेल्या चोचीने फुलातला मध चोखणारा शिंजीर. पक्षी काय खातो हे चोचीवरून कळते, आणि कार्टूनमध्ये वाढवण्याजोगे पहिले लक्षण बहुधा तेच असते.

पायांबद्दल गंमत अशी की, पक्ष्याचा ‘उलटा वाकणारा गुडघा’ हा गुडघा नसतोच. तो घोटा असतो. खरा गुडघा पोटाजवळ पिसांत दडलेला असतो आणि पक्षी बोटांवर चालतो. बोटे बहुतेक पक्ष्यांना चार, तीन पुढे व एक मागे. पोपट आणि सुतारपक्षी यांची दोन पुढे, दोन मागे. कार्टूनमध्ये पायांच्या दोन काड्याही चालतात, पण त्या शेपटीजवळ लावल्या तर पक्षी तोंडावर पडेल असे वाटत राहते. काड्या धडाच्या मध्याखाली आल्या की तो उभा राहतो.

डोळे जितके मोठे तितका पक्षी गोंडस, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये बाळांच्या चेहऱ्याची जी लक्षणे मांडली, त्यांत मोठ्या डोळ्यांइतकेच मोठे डोके, भरदार कपाळ आणि चेहऱ्यावर खाली आलेले डोळे महत्त्वाचे होते. नुसते डोळे वटारले तर पक्षी गोंडस होत नाही, घाबरलेला दिसतो. योगायोगाने त्याच्या आदल्याच वर्षी, १९४२ मध्ये, ट्वीटी हा कार्टून पक्षी पडद्यावर आला: भलेमोठे डोके, इवलेसे अंग. तेव्हा तो बिनपिसांचा गुलाबी होता. पिवळा नंतर झाला. राग दाखवायचा तर भुवया लागतात, आणि माणसाच्या भुवया पक्ष्याला नसतात. फिनलंडमध्ये बनलेल्या आणि २००९ मध्ये आलेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ या खेळातल्या लाल पक्ष्याला पंख नाहीत, पायही नाहीत. चोच, शेपटी आणि जाड भुवया एवढ्यावर तो पक्षीही ठरतो आणि रागीटही. किती गाळता येते, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात सापडणार नाही.

पंखाचे एकेक पीस काढण्याची गरज नसते. कडेला तीन-चार लाटा पुरतात. पण पंख हे पाठीवर उगवलेले पान नव्हे, तो पक्ष्याचा हात आहे. त्याला खांदा, कोपर आणि मनगट असते. मुलांना स्वतःचा हात दुमडून, मग पसरून दाखवायला लावले की पंख कुठून निघतो ते सांगावे लागत नाही.

नक्कल केल्याने कल्पकता मरते, हा वाद जुना आहे. लोवेनफेल्ड आयते साचे आणि रंग भरायच्या पुस्तकांच्या विरोधात होते. पुढे १९७० च्या दशकात ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवले, की मुले चित्रकला मुख्यतः दुसऱ्यांच्या चित्रांवरूनच उचलतात. आपल्याकडे याचा पुरावा प्रत्येक चित्रकलेच्या वहीत आहे: दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, झोपडी, नदी आणि आकाशात दोन बाकांचे पक्षी. ते पक्षी कोणी आभाळात पाहून काढलेले नसतात. शेजारच्या बाकावरच्या वहीतून आलेले असतात. त्यामुळे दुसरी बाजू अधिक पटण्याजोगी वाटते. नकलेत खोट नाही, तिथेच थांबण्यात आहे. फळ्यावरचा पक्षी उतरवून झाला की त्याला झोपवायला, पळवायला किंवा पावसात भिजवायला सांगावे.

शेवटचा गैरसमज खोडरबराचा. कच्ची रेघ दिसली म्हणजे चित्र घाण झाले असे मुलांना शिकवले जाते, आणि मग अर्धा तास कागद घासण्यात जातो. पेन्सिल हलकी धरून दोन-तीन रेघा मारायच्या, त्यांतली जी बरी वाटेल ती स्केचपेनने पक्की करायची आणि शाई वाळल्यावरच, एकदाच, खोडरबर फिरवायचा. तोवर तो शिक्षकाच्या टेबलावर राहिलेला बरा.