इसार दिला, पण भाव ठरला का?

उन्हाळ्यात सोयरीक जमते. लग्न मात्र तुळशीच्या लग्नानंतर. मधेच कर वाढला तर?

2017 सालचेच पाहू. परभणीला मंगल कार्यालय ठरविले. भाडे 50,000 धरू. इसार 10,000 दिला, त्यावरचा सेवाकरही भरला. तो शेकडा 15 होता. 1 जुलैला जीएसटी आला, तो शेकडा 18. भरलेल्या इसारावर पुन्हा कर नाही. पण राहिलेल्या 40,000 वर 6,000 च्या जागी 7,200. बाराशे रुपये जास्त!

मालक म्हणतो, ‘कर वेगळा, पावतीवर लिहिलंय की!’ म्हणून आम्ही म्हणतो, इसार देण्याआधी पावती वाचा. ‘करासह एवढेच’ असे लिहून घ्या.

सोन्याचे निराळे. भाव आधी बांधून घेतला नसेल, तर घ्याल त्या दिवसाचा भाव.