गरिबाच्या मुलास खेळ आणि नाटक कशाला?

गरिबाच्या मुलास दोन वेळचे अन्न, अंगभर वस्त्र आणि लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण मिळाले म्हणजे समाजाचे त्याच्यासंबंधीचे कर्तव्य संपले, असे मानणारी मंडळी आजही आमच्यात थोडी नाहीत. खेळ, नाटक, चित्रकला, सहल यांचे नाव काढताच हे सद्‌गृहस्थ विचारतात, "आधी पोट भरू द्या; ही चैन हवी कशाला?" प्रश्न सद्‌हेतूने विचारला जातो हे आम्ही जाणतो. परंतु त्याच्या बुडाशी असलेली समजूत चुकीची आहे, आणि तिचे नुकसान सोसणाऱ्यांचा आवाज वर्तमानपत्रांपर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून तिचा परामर्श घेणे आम्हांस अवश्य वाटते.

हेच गृहस्थ मे महिना उजाडला की स्वतःच्या मुलास पोहण्याच्या तलावावर, तबल्याच्या वर्गास आणि नाट्यशिबिरास धाडतात, व त्यासाठी पदरचे पैसे मोजतात. कारण विचारले तर सांगतात की, मूल धीट होते, चारचौघांत बोलू लागते. अगदी खरे! मग जी गोष्ट बंगल्यात शिक्षण ठरते, तीच वस्तीत चैन कशी ठरते? निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, दुसऱ्याचे मन ओळखणे, स्वतःचा राग आवरणे, यांस जागतिक आरोग्य संघटनेने जीवनकौशल्ये म्हटले आहे. यांपैकी एकही गोष्ट फळ्यावरून उतरवून घेऊन येत नाही.

गरिबाचे मूल मुळातच अजाण असते, असे मात्र कोणी समजू नये. धाकट्या भावंडास सांभाळणारी, रेशनच्या दुकानी हिशेब चोख ठेवणारी, नळावर आपला नंबर राखणारी दहा वर्षांची मुलगी व्यवहारात आमच्या मुलांस सहज मागे टाकील. तिच्यापाशी उणीव आहे ती चूक करून पाहण्याच्या सवडीची. तिच्या हातून पैसे हरवले तर त्या दिवशीची चूल थंडावते. खेळात मात्र आज हरले तरी उद्या पुन्हा डाव मांडता येतो, आणि तालमीत वाक्य विसरले तर शेजारचा सोबती ते पुरवतो. दंड न भरता चुकावयाची ही जागा श्रीमंताच्या मुलास घरीच मिळते. गरिबाच्या मुलास ती समाजाने दिली तरच मिळेल.

ही केवळ कल्पना नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, गुरे राखत असेल तर कुरणात जावे, असे त्यांनी ठरविले आणि गाणी, गोष्टी व रानातील वस्तू यांच्या आधारे शिकविले. नागपुरास २००१ साली विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टीतील मुलांच्या हाती फुटबॉल दिला, आणि त्यातून उभे राहिलेले काम देशभर पोचले. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने वस्त्यांतील मुले आपलेच अनुभव नाट्यरूपाने रंगमंचावर मांडू लागली. ज्यांच्याविषयी इतरांनीच बोलावयाचे, ती स्वतः बोलू लागली, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

शिवाय आम्ही काही नवे मागत आहो असेही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण, ग्रंथालय व खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावयाचे आहेत. तेव्हा हा दयेचा प्रश्न नसून हक्काचा आहे. ज्या शाळेत ही पदे कागदावरच राहतात, तेथील पालकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

बाकीचे काम नागरिकांचे आहे. शाळा सुटली की सार्वजनिक पैशांनी बांधलेल्या इमारतींस कुलपे लागतात, आणि त्याच वेळी शेजारच्या वस्तीतील मुले रहदारीच्या कडेला खेळत असतात. ती कुलपे संध्याकाळी दोन तास उघडावीत. ज्यास गाता येते त्याने गाणे, ज्यास सुतारकाम येते त्याने सुतारकाम आठवड्यातून दोन दिवस शिकवावे. मात्र उपकाराच्या भावनेने कोणी जाऊ नये, आणि तुम्हांस काय करावेसे वाटते, हे मुलांस विचारल्यावाचून काहीही आरंभू नये. आपले मत कोणी विचारते, एवढा एक अनुभव ज्या मुलास लहानपणी आला, तो मोठेपणी कोणासमोर उगाच मान खाली घालणार नाही. असे नागरिक आपणांस हवे आहेत की नाहीत, एवढेच काय ते आमच्या वाचकांनी ठरवावयाचे आहे.