दळण कुठे द्यावे?

लालबाग-परळात 'गिरणी' हा शब्द दोन अर्थांनी चालत आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्यांचे भोंगे एकेक करून थंडावले. पिठाची गिरणी टिकली. आता घराघरांत घरघंटी येते आहे. ती घ्यावी का, असे ओळखीची मंडळी मला विचारतात.

माझे उत्तर बाजरीपासून सुरू होते. तिच्यात स्निग्धांश जास्त, म्हणून पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. घरात दोघेच उरले, की अर्धा किलो दळणासाठी वरचेवर जिने उतरणे जिवावर येते. उपासाच्या पिठात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू मिसळण्याची धास्ती वेगळीच. अशांनी घरघंटी जरूर घ्यावी.

घेताना जाळ्या पाहाव्यात; लाडवाचे रवाळ बेसन आणि भाकरीचे पीठ एकाच जाळीतून निघत नाही. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट वीज घेते, तेव्हा बिलाची चिंता नको. चिंता आवाजाची करावी. चाळीत भिंत सामाईक असते. दुकानातच दाणे घालून यंत्र चालवून बघावे.

महिन्याचा गहू मात्र मी कोपऱ्यावरच्या गिरणीतच देतो. ती चालायची, तर तिला घरोघरचे मोठे दळण मिळायला हवे.